खडू, शिडी आणि शिखर

अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला कुणा पाहुण्याला नेलं, की एक प्रश्न हमखास येतो. प्रदक्षिणा होते, मोबाइलवर फोटो निघतात, गाभाऱ्यात उतरून दर्शन होतं आणि बाहेर आल्यावर पाहुणा विचारतो, "हे हजार वर्षांचं म्हणता ना? त्याच सुमाराला युरोपात ती प्रचंड कॅथेड्रलं बांधत होते. मग आपलं देऊळ इतकं लहान आणि आतून इतकं काळोखी का?"

या प्रश्नाला दोन उत्तरं ऐकू येतात. एक पडेल आवाजातलं: त्यांचं तंत्र पुढे गेलेलं होतं. दुसरं रागातलं: आपली कला त्यांना जमलीच नसती. दोन्ही उत्तरांत देवळाकडे पाहायचं राहून जातं. प्रश्न मात्र चांगला आहे. त्याचं उत्तर शोधायला परदेशी जायलाही नको. बदलापूर-अंबरनाथहून रोज सकाळी लोकल पकडणारा माणूस साठेक किलोमीटरचा प्रवास करून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, तो थेट कॅथेड्रलच्या घराण्यातल्या इमारतीत उतरतो. टोकदार कमानी, फासळ्यांचा घुमट, रंगीत काचा हे सगळं त्याच्या डोक्यावर असतं. म्हणजे दगडाची दोन घराणी एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना उभी आहेत.

१. एका वर्षाचं अंतर

अंबरनाथच्या देवळातल्या शिलालेखात शके ९८२ हे वर्ष आहे, म्हणजे इ. स. १०६०. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. ठाणे, त्या काळचं स्थानक, हे त्यांचं मोठं ठाणं. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तीन भाऊ एकामागून एक गादीवर आले. देवळाचं काम छित्तराजाने सुरू केलं आणि ते मुम्मुणीच्या काळात झालं, असं अभ्यासक मानतात. लेखात मुम्मुणीचं नाव 'माम्वाणि' असं कोरलेलं आहे.

आता जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर गावी चला. तिथल्या कॅथेड्रलचा अर्पणविधी १०६१ साली झाला. अंबरनाथहून एक वर्ष पुढे, बस्स. ते काम सम्राट दुसऱ्या कॉनराडने १०३०च्या सुमारास सुरू केलं, मुलाने पुढे नेलं आणि अर्पणाच्या वेळी नातू चौथा हेन्री अकरा वर्षांचाही झाला नव्हता. इकडे तीन भाऊ, तिकडे आजोबा, मुलगा, नातू. दोन्ही ठिकाणी एका राजघराण्याने आपलं नाव दगडात ठेवायचं ठरवलं होतं.

आकाराचा फरक मात्र डोळ्यांत भरणारा आहे. श्पायरचं कॅथेड्रल १३४ मीटर लांब आहे. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते, तेव्हा निम्म्याहून अधिक गाडी त्यात सरळ उभी राहील. आतल्या मुख्य दालनाची उंची ३३ मीटर, म्हणजे अकरा मजली इमारत. अंबरनाथचं आख्खं देऊळ लोकलच्या दोन डब्यांच्या लांबीत सहज मावेल.

पण याच श्पायरमध्ये १०६१ साली त्या मुख्य दालनावर दगडी छत नव्हतं. लाकडी तुळयांचं सपाट छत होतं. प्रचंड उंच दगडी भिंती उभारणाऱ्यांनाही एवढ्या रुंद जागेवर दगड घालायचं धाडस झालं नव्हतं. ते छत पुढच्या काही दशकांत आलं. अंबरनाथमध्ये त्याच वेळी डोक्यावरचं सगळं छत दगडाचं होतं, फक्त जागा लहान होती. दोघांपुढे अडचण एकच होती, दगड अधांतरी ठेवायचा कसा. ती अडचण समजली, की निम्मं उत्तर हाती येतं.

२. कॅथेड्रल म्हणजे गादी

त्याआधी शब्दाचा खुलासा करू. कॅथेड्रल म्हणजे खूप मोठं चर्च, अशी आपली समजूत असते. ग्रीक भाषेत 'काथेद्रा' म्हणजे खुर्ची, आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं, ते कॅथेड्रल. आपल्याकडे मठाची गादी असते, तशीच ही बिशपची गादी. ती लहानशा इमारतीत असली तरी ती इमारत कॅथेड्रलच. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली उघडलं. त्याला कॅथेड्रलचा दर्जा १८३७ साली, मुंबईला बिशप मिळाल्यावर आला. इमारत तीच राहिली, गादी आली.

गादी म्हटलं की माणसं आली. सणाच्या दिवशी सगळं गाव एका छताखाली जमणार, प्रवचन ऐकणार, एका सुरात गाणार. कॅथेड्रल ही भरलेल्या सभेची इमारत आहे.

आपल्या देवळाचं गणित वेगळं आहे. 'गाभारा' हा शब्द 'गर्भागार'वरून आलेला आहे. तिथे सभा भरत नाही. तिथे एका वेळी चार-पाच माणसं जातात, नमस्कार करतात आणि मागच्याला वाट देतात. गर्दी असते ती बाहेर. महाशिवरात्रीला अंबरनाथला या, हजारोंची रांग आणि जत्रा देवळाच्या भोवती पसरलेली दिसेल. म्हणून शिल्पंही बाहेर आहेत. भिंतीच्या प्रत्येक कोनावर, देवकोष्ठांत, खांबांच्या माथ्यांवर काही ना काही कोरलेलं आहे: महिषासुरमर्दिनी, ब्रह्मा, गजासुराला मारणारा शिव, आरशात पाहणाऱ्या आणि नाचणाऱ्या सुरसुंदरी. कॅथेड्रलची कथा आत बसून वाचायची, देवळाची बाहेरून चालत.

पाहुण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर इथूनच सुरू होतं. माणसं कुठे उभी राहणार, हे आधी ठरलं. दगड त्यानंतर रचले गेले.

३. खडू का मोडतो

शाळेतला एक खडू घ्या. टेबलावर उभा धरून वरून बोटाने दाबा. बोट दुखेल, पण खडू तुटणार नाही. आता तोच खडू दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवा. कट्कन मोडला.

दाबलं तेव्हा खडूचे कण एकमेकांवर घट्ट बसले. वाकवलं तेव्हा एका बाजूचे कण दाबले गेले आणि दुसऱ्या बाजूचे ताणले गेले. खडूला दाब सोसतो, ताण सोसत नाही. दगडाचंही तसंच आहे, मग तो आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट असो की फ्रान्समधला पांढरट चुनखडक.

दोन खांबांवर दगडाची तुळई आडवी ठेवली, की ती स्वतःच्या वजनाने अगदी केसभर वाकू पाहते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. तडा जायचा तो खालून जातो.

थोडा हिशेब करू. अडीच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड अशी बसाल्टची तुळई घ्या. एक घनमीटर बसाल्टचं वजन सुमारे २.९ टन. म्हणजे या तुळईचं वजन साधारण १.८ टन, पाच रिक्षा एकत्र केल्याएवढं. आता खांबांमधलं अंतर दुप्पट करून पाच मीटर केलं तर? जाडी तीच ठेवली तर खालच्या बाजूचा ताण दुपटीने वाढत नाही, चौपट होतो. ताण पहिल्याइतकाच राखायचा, तर तुळईची जाडी चौपट म्हणजे दोन मीटर करावी लागते. लांबी दुप्पट, जाडी चौपट, म्हणून वजन आठपट: साडेचौदा टन. पाच रिक्षांच्या जागी चाळीस. एवढं वजन उचलून खांबाच्या माथ्यावर ठेवणं तर अवघडच, शिवाय खालचे खांबही तितकेच जाड हवेत.

आपल्या देवळांच्या मंडपात खांब जवळजवळ का असतात, याचं कारण हे. कारागिरांना मोकळी जागा नको होती असं नाही. तुळईचा हिशेब त्यांना चांगला ठाऊक होता. खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना हात पसरलेले दिसतात, कधी त्या जागी पोट सुटलेले बुटके कीचक छत पेलत बसलेले असतात. त्यांना केवळ सजावट समजू नका. खांबाचे हे हात तुळईला दोन्हीकडून वीतभर आधी आधार देतात आणि तिचा अधांतरी भाग कमी करतात.

४. आत सरकणारे थर

तुळईने लहान जागा झाकली जाते. मंडपाच्या मधला मोठा चौक किंवा गाभाऱ्याचा माथा झाकायला वेगळी युक्ती लागते. ती घरी करून बघता येते.

एकसारखी चार पुस्तकं घ्या, प्रत्येक २४ सेंटिमीटर लांब. टेबलाच्या कडेशी एकावर एक रचा. सर्वांत वरचं पुस्तक खालच्याच्या कडेपासून १२ सेंटिमीटर पुढे सरकवा. ते दोन्ही मिळून तिसऱ्याच्या कडेपासून ६ सेंटिमीटर पुढे, ती तीन चौथ्याच्या कडेपासून ४ आणि चारही मिळून टेबलाच्या कडेपासून ३. बेरीज करा: १२ + ६ + ४ + ३ = २५. पुस्तक २४ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे वरचं पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर अधांतरी आलं, तरी पडलं नाही. (प्रत्यक्षात करताना प्रत्येक वेळी थोडं कमीच सरकवा, हा आकडा अगदी काठावरचा आहे.)

देवळाचं छत असंच होतं. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा. चारी बाजूंनी थर आत येत गेले, की मधलं भोक लहान होत होत शेवटी एका शिळेने बंद होतं. अंबरनाथच्या मंडपात मधल्या चार खांबांवर अशी एकाआत एक कडी सरकत वर गेलेली आहेत. खालून पाहिलं तर घुमट वाटतो, पण बनावट थरांची. प्रत्येक कडं इतकं कोरलेलं आहे, की मान दुखेपर्यंत पाहत राहावं.

चौकोनी जागेसाठी याच युक्तीचा धाकटा भाऊ आहे. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवायच्या, बाजूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत. आत एक वळलेला चौकोन तयार होतो, क्षेत्रफळाने बरोबर निम्मा. तीन मीटरचा चौक पहिल्या थरात २.१ मीटरवर येतो, दुसऱ्यात दीड मीटरवर, तिसऱ्यात जेमतेम एक मीटरवर. मग एकच कमळ कोरलेली शिळा पुरते.

या रचनेचा फायदा असा, की सगळं वजन सरळ खाली जातं. भिंतीला बाहेर ढकलणारं काही नसतं. दगड दगडावर नुसता बसलेला असतो. तोटा असा, की आत सरकलेला थर आत कोसळू नये म्हणून त्याच्या मागच्या टोकावर भरपूर वजन लागतं. टेबलावरच्या पुस्तकांच्या मागच्या बाजूवर आपण हात ठेवतो, तसं. हे वजन शिखर देतं. गाभाऱ्यावर उंच गेलेलं शिखर देवाचा मान सांगतं, आणि त्याच वेळी खालच्या थरांच्या पाठीवर बसून त्यांना जागेवर ठेवतं. बाहेरून देऊळ पर्वतासारखं आणि आत जागा गुहेएवढी, असं होण्यामागे श्रद्धेइतकाच थरांचा हा स्वभाव आहे.

५. एकमेकांना रेटणारे दगड

युरोपने दुसरी वाट धरली, कमानीची. कमान आपल्याला माहीत नव्हती, हे खरं नाही. उत्तर प्रदेशात भितरगावला गुप्तकाळातल्या विटांच्या देवळात खरी कमान आहे. दगडी देवळांत मात्र आपल्या सूत्रधारांनी, म्हणजे देऊळ आखणाऱ्या कारागिरांनी, तिला जवळ केलं नाही.

कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना टेकून उभे राहतात. दोन मित्र समोरासमोर उभे राहून तळहात जुळवून एकमेकांवर रेलले, तर दोघेही पडत नाहीत. मात्र पाय घसरू लागतात. कमानीतही तसंच. तिच्यातला एकही दगड ताणला जात नाही, सगळे फक्त दाबले जातात, आणि दाब तर दगडाला मानवतो. म्हणून कमान तुळईपेक्षा कितीतरी रुंद जागा झाकते. त्याची किंमत पायथ्याशी चुकवावी लागते, कारण कमान आपल्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असते.

हा रेटा कमी कसा करायचा? भिंतीला लावलेली शिडी आठवा. फार तिरपी लावली तर पाय घसरतो, उभी लावली तर कमी घसरतो. कमानीचंही गणित तेच. रुंदी आणि वजन तेवढंच ठेवून उंची दुप्पट केली, तर बाहेरचा रेटा सुमारे निम्मा होतो. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने बांधलेली असते. टोकदार कमान हवी तेवढी उभी करता येते. ही टोकदार कमान पश्चिम आशियातल्या इमारतींत आधीपासून होती; युरोपच्या गवंड्यांनी ती उचलली आणि तिच्यावर आपली सगळी नवी वास्तुशैली उभी केली. हीच गॉथिक.

दुसरी युक्ती फासळ्यांची. छत्रीत तारा असतात आणि कापड त्यांच्यावर ताणलेलं असतं. तशाच दगडी फासळ्या आधी उभारायच्या आणि मधल्या जागा पातळ दगडांनी भरायच्या. इंग्लंडमध्ये १०९३ साली सुरू झालेल्या डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये अशा फासळ्या दिसतात. छत हलकं झालं आणि त्याचं वजन भिंतभर न पसरता ठरावीक खांबांवर उतरू लागलं.

तिसरी युक्ती सर्वांत देखणी. रेटा खांबांवर येतोय ना, मग तिथेच बाहेरून टेकू द्या. पावसाळ्यापूर्वी जुन्या इमारतींना लावलेले तिरपे टेकू आपण पाहतो. तसे दगडी टेकू, पण भिंतीला चिकटून नाही, तर मधल्या हवेतून अर्धी कमान टाकून दूरच्या जाड खांबावर उतरवलेले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पॅरिसच्या नोत्र दामसारख्या इमारतींवर हे अधांतरी टेकू दिसू लागले.

ठाण्या-कल्याणच्या वाचकाला हे समजावायला मला दहीहंडी पुरते. सात-आठ थर लावताना आपले डोळे वर चढणाऱ्या पोरावर असतात. पण खाली पहिल्या थराभोवती जी माणसं कडं करून, पुढच्याच्या पाठीला हात लावून आत रेटत उभी असतात, ती हलली तर सगळंच संपतं. कॅथेड्रलचे बाहेरचे टेकू म्हणजे ती माणसं.

सीएसएमटीचा मोठा जिना चढून घुमटाखाली उभं राहिलं, तर या फासळ्या स्पष्ट दिसतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या काळात उभारलेली ही इमारत म्हणजे मध्ययुगाची एकोणिसाव्या शतकाने काढलेली आठवण आहे. तिच्या दगडी कमानी मात्र खऱ्याच आहेत आणि रोज खराच भार पेलतात. तिकीटघराच्या दालनाचं निळं छत सोनेरी ताऱ्यांनी भरलेलं आहे. रांगेत उभं असताना एकदा तरी वर पाहावं.

६. उजेड आणि काळोख

टेकूंनी रेटा बाहेर नेला, की भिंतीला काम उरत नाही. मग ती काढून टाकता येते आणि तिथे काच बसवता येते. पॅरिसजवळच्या सां-दनीच्या मठाचा प्रमुख सूजेर याला हेच हवं होतं. ११४४ साली त्याने आपल्या चर्चचा नवा भाग उघडला, तो रंगीत उजेडाने भरलेला होता. प्रकाश हेच देवाचं रूप, अशी त्याची धारणा होती. पुढे शार्त्रचं कॅथेड्रल ११९४च्या आगीनंतर नव्याने उभं राहिलं आणि त्याच्या निळ्या काचा जगात गाजल्या. आपल्याला हे जवळून पाहायचं, तर मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाची गोल खिडकी पाहावी. तिच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत.

आता अंबरनाथला परत या. तीन बाजूंच्या मुखमंडपांतून मंडपात उजेड येतो, तो खांबांवर तुटतो. गाभाऱ्याकडे जाताना तो कमी होतो आणि मग पायऱ्या खाली उतरतात. जमिनीच्या पातळीखाली, थंड दगडात, शिवलिंग आहे. श्पायर-पॅरिसच्या कारागिराने भाविकाची नजर वर नेली, अंबरनाथच्या सूत्रधाराने त्याला खाली उतरवलं. पायाखालची पायरी नीट दिसत नाही, म्हणून माणूस आपोआप सावकाश चालतो, आवाज खाली येतो. हा काळोख योजून केलेला आहे. तो तंत्राच्या अभावी उरलेला काळोख नाही. खिडकी पाडायला या कारागिरांना काय अडचण होती?

आणि तरीही अंबरनाथच्या गाभाऱ्यात आज आभाळ दिसतं. शिखराचा वरचा भाग नाही. जिथे शेवटची शिळा असायची, तिथून पाऊस थेट पिंडीवर पडतो. श्रावणात हे पाहताना मनात काय येतं, ते ज्याचं त्याला.

७. हेमाडपंती नव्हे, भूमिज

चुना न वापरता रचलेलं प्रत्येक काळ्या दगडाचं देऊळ आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथचं देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं आहे. त्याला हेमाडपंती म्हणणं म्हणजे खापरपणजोबाला खापरपणतूच्या नावाने हाक मारणं.

या शैलीचं नाव भूमिज. शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक उभी कोरीव पट्टी चढते, तिला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं रांगेने एकावर एक बसवलेली असतात, जणू मण्यांच्या माळा वरून सोडल्या आहेत. अंबरनाथला या माळांचा खालचा भाग शिल्लक आहे. पूर्ण शिखर कसं दिसलं असतं, ते सिन्नरच्या गोंदेश्वराला किंवा मध्य प्रदेशातल्या उदयपूरच्या उदयेश्वराला पाहिलं की कळतं.

ही शैली माळव्याची. धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज देवळांची वर्णनं आहेत. याच भोजाने १०२०च्या सुमारास कोकण जिंकल्याच्या आनंदात दानं दिली, असं त्याचे ताम्रपट सांगतात. त्यानंतर चाळीस वर्षांनी कोकणात माळव्याच्या घडणीचं देऊळ उभं राहिलं. सैन्य आलं त्याच वाटेने छिन्नी-हातोडेही आले असावेत, असं मला वाटतं.

८. एका रात्रीत?

पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं आणि पहाट झाली म्हणून शिखर राहिलं, ही गोष्ट अंबरनाथमध्ये आजीपासून नातवाकडे येते. जर्मनीत आखनच्या कॅथेड्रलबद्दल म्हणतात, की पैसे संपल्यावर सैतानाने ते दिले आणि बदल्यात आत शिरणारा पहिला जीव मागितला. गावकऱ्यांनी आत लांडगा सोडला. मोठं काम पाहिलं, की ते माणसांनी केलं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

माणसांनी ते कसं केलं, याच्या खुणा मात्र आहेत. भोपाळजवळ भोजपूरला भोजाचंच एक अपुरं देऊळ आहे. त्याच्या मागे मातीचा लांब उतार अजून दिसतो. त्यावरून दगड वर ओढत नेत. बाजूच्या खडकावर देवळाचे नकाशे कोरलेले आहेत, आजच्या साइटवर ड्रॉइंग पसरतात तसे. युरोपात लाकडी चाकात माणसं चालायची आणि चाकाभोवती दोर गुंडाळला जाऊन दगड वर यायचा. इंग्लंडमध्ये सॅल्झबरीच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यात असं चाक आजही आहे.

अपुरं राहणं हेही दोन्हीकडे आहे. फ्रान्सच्या बोव्हे गावाने ४८ मीटर उंच छत चढवलं, सोळा मजले. १२८४ साली त्याचा भाग कोसळला. पुढे १५७३ मध्ये उंच मनोराही पडला आणि ते कॅथेड्रल आजही अर्धंच आहे. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम १२४८ साली सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं आणि अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलायचं यंत्र तीन-चारशे वर्षं तसंच उभं राहिलं. इमारत पुरी झाली १८८० साली. अंबरनाथच्या मोकळ्या गाभाऱ्याखाली उभं राहून मला बोव्हे आठवतं, आणि शेजारच्या वालधुनी नदीकडे पाहिलं की वाईट वाटतं. ज्या काठावर सूत्रधारांनी दोऱ्या ताणून जोतं आखलं, ती नदी आज कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी वाहते. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्याचा शेजार नाही.

९. सात की नऊ

हे सगळं १०६० सालचं, असं आपण सुरुवातीला धरून चाललो. ते कळलं कसं?

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या मंडळींनी देवळाचे नकाशे, छायाचित्रं आणि शिल्पांचे साचे घेतले. त्याच काळात उत्तरेकडच्या दाराच्या वरच्या तुळईवर, आतल्या बाजूला, झिजलेला शिलालेख अभ्यासकांच्या नजरेत आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि वर्ष लावलं शके ७८२. शकात ७८ मिळवले, की इसवी सन येतो: इ. स. ८६०.

भाऊ दाजींच्या हाताखाली भगवानलाल इंद्रजी नावाचे जुनागढचे एक तरुण अभ्यासक होते. गुरूसाठी त्यांनी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले होते. भाऊ दाजी १८७४ साली गेले. त्यानंतर भगवानलालांनी अंबरनाथचा लेख पुन्हा वाचला. पहिला आकडा ७ नाही, ९ आहे, असं त्यांनी दाखवलं. शके ९८२, इ. स. १०६०.

हा निकाल आपल्यालाही पडताळता येतो. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा एक ताम्रपट भांडुपला सापडला, त्यावर शके ९४८ आहे, म्हणजे इ. स. १०२६. लेखातलं वर्ष ७८२ मानलं, तर धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षं आधी राज्य करत होता असं होईल. ९८२ मानलं, तर थोरल्यानंतर चौतीस वर्षांनी धाकटा गादीवर आहे, घरात जसं असायचं तसं. देवळात गेलात तर मंडपाच्या उत्तर दारात थांबा, पाठ उजेडाकडे करा आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत जरा वेळ जाऊ द्या. लेख तुमच्या डोक्यावरच आहे.